शेवटचा फर्मा

हमीदचाचा, तुमच्या जियारतीला मी नव्हतो. मंगळवारी संध्याकाळी तुम्हाला माती दिली, आणि गुरुवारी, तिसऱ्या दिवशी, अर्धी चामोर्शी तुमच्या दारात बसली होती तेव्हा मी गडचिरोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात घाम पुसत होतो. पुढची तारीख मागता आली असती. घरात मयत झाली म्हटलं असतं तर कोणी नाही म्हणालं नसतं. पण तुमचा आवाज कानात होता, "मेलेल्यासाठी जित्त्याले काऊन ताटकळत ठेवतं बे?" म्हणून गेलो. पण तुमचं ऐकून गेलो असं समजू नका. तुमच्यावर रागावूनच गेलो.

आणि तो राग अजून उतरलेला नाही. रविवारी मी तुमच्या दुकानातून चहा न पिता उठलो. जाताना काय बोललो ते तुम्हाला माहीत आहे. "चाचा, तुमचं काय जातं? तुम्हाला ना साहेब, ना नोकरी. पुस्तकातलं शहाणपण पुस्तकातच बांधून ठेवा." तुम्ही एवढंच म्हणालात, "मले उत्तर नको, सुखदेव. मंगरूले पाह्यजे." मी मागे वळून पाहिलं नाही. सोमवारी कचेरीत जाताना तुमच्या दुकानासमोरून न जाता मुद्दाम बाजाराच्या बाजूने गेलो, आणि मंगळवारी सकाळी शिपाई सांगत आला की बायंडरचाचा बसल्या जागीच गेले. हातात दाभण होतं म्हणे. अर्धी शिवलेली एक खतावणी मांडीवर होती.

तुमची माहिती लोक सांगतीलच. किती वर्षं दुकान चालवलं, कोणत्या कोणत्या कचेरीचं काम केलं, पोरींची लग्नं कुठे कुठे झाली. सांगू द्या. मला त्या टिनाच्या शेडमधला मोरचूद घालून शिजवलेल्या खळीचा वास आठवतो. तहसिलीच्या मागे आठ हातांची जागा, एक लाकडी शिकंजा, त्यात दाबून ठेवलेली पुस्तकं, आणि तुम्ही पाटावर मांडी घालून बसलेले. मी आवक-जावक रजिस्टर बांधायला घेऊन आलो आणि पुढची अडीच वर्षं उठलोच नाही.

कुठल्यातरी बंद पडलेल्या वाचनालयाची रद्दी तुमच्याकडे आली होती. जुन्या कादंबऱ्या, बहुतेक परमुलखातल्या, कोणीतरी कधीतरी मराठीत आणलेल्या. वाळवीने मुखपृष्ठं खाल्लेली, सुरुवातीची पानं गेलेली. नाव नाही, लेखक नाही. दुसऱ्या कोणी किलोवर विकल्या असत्या. तुम्ही त्या उसवल्या, सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा सुटा केला, कडा साफ केल्या, आणि मला पहिला फर्मा दिलात. वाचून आल्यावर दुसरा मागितला तर हात मागे घेतलात. "आधी सांग. या मानसानं आता काय कराव? अन् काऊन?" मी म्हटलं, पुढे वाचतो ना, कळेलच. तर म्हणालात, "लेखकानं काय केलं ते तं कोनालेबी कळते. तू काय केलं असतं ते कोनत्या पुस्तकात भेटीन?"

नियम तेव्हापासून ठरला. उत्तर दिल्याशिवाय पुढचा फर्मा नाही, आणि उत्तरामागचं 'काऊन' सांगितल्याशिवाय उत्तर मोजायचं नाही. दवाखान्यातल्या लीलासिस्टर तिसऱ्या आल्या. नीती, सद्गुण असले जड शब्द त्या शेडमध्ये कधी कोणी काढले नाहीत. पण दिवेवाल्याच्या पुस्तकावर आम्ही पंधरा दिवस भांडलो. समुद्रकाठचा दिवा राखणारा माणूस. त्याचा मुलगा चोरीचा माल घेऊन होडीने परत येतोय. दिवा लावला तर शिपायांना होडी दिसणार, नाही लावला तर दुसरी गलबतं खडकावर आपटणार. मी म्हटलं, बाप आहे, थोडा वेळ दिवा विझवेल. तुम्ही भडकलात, "दिवा का त्याच्या बापाचा होय?" सिस्टर हसून हसून भिंतीला टेकल्या.

तुमचं आणि सिस्टरचं खरं भांडण मात्र खोट्यावरून. त्या म्हणायच्या, मरणाऱ्या बाईला मी रोज सांगते की तू बरी होशील, आणि देवाला त्याचा जाब द्यायला मी तयार आहे. तुम्ही ऐकायचेच नाही. "खोटं म्हंजे कच्ची शिलाई, सिस्टर. एक टाका सुटला का सारे फर्मे मोकळे." दया कितीही मोठी असो, खोट्याच्या पायावर ती उभी करायची नाही, हे तुमचं ठाम. मी तुमच्या बाजूने. माझा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून आमच्या घरात रोज सकाळी पंचशील म्हटलं जातं आणि चौथं, खोटं न बोलण्याचं शील मी लहानपणापासून पाठ म्हणत आलोय. पाठ म्हणायला काय जातं?

मग ते घंटेवाल्याचं पुस्तक आलं. तुम्ही ते मुद्दाम काढलंत. आता नाही म्हणायला तुम्ही नाहीत, म्हणून ठासून म्हणतो, मुद्दाम काढलंत.

डोंगरातलं लाकडी घरांचं गाव. मनोऱ्यावर घंटा, आग दिसली की ती वाजवायची. सणाच्या दिवशी घंटेवाला दारू पिऊन झोपला. खालून चौकीदाराने तीनदा हाका मारल्या, त्या त्याने झोपेतून ऐकल्या आणि कूस बदलली. अर्धं गाव जळालं. पंचायत बसली तेव्हा घंटेवाला म्हणाला, मला कोणी हाकच मारली नाही. चौकीदार तुरुंगात गेला. घंटेवाल्याला म्हातारी आई, दोन पोरी. खरं काय ते त्याला एकट्याला माहीत. शेवटचा फर्मा तेवढा राहिला होता. मी छाती फुगवून म्हणालो, "सांगायचंच. यात विचार करण्यासारखं काय आहे? एक निर्दोष माणूस आत सडतोय."

तुम्ही दाभण खाली ठेवलंत. शिकंज्याखालून एक घडी केलेला कागद काढलात आणि माझ्यापुढे सरकवलात. मंगरूच्या केसच्या कागदांची नक्कल होती. "मंगरूच्या घरी गेलता का तू?" एवढंच विचारलंत.

मंगरू आपला डिंकवाला. एटापल्लीकडच्या गावातून आठवडी बाजाराला यायचा, पळसाच्या पानात धावड्याचा डिंक बांधून. तुमच्या हातच्या सगळ्या पुस्तकांच्या पाठीला त्याचाच डिंक. घरामागे सागवानाचे चार लट्ठे सापडले म्हणून त्याला धरलं होतं, दोन महिने आत होता, आणि त्याला कोणी जामीन मिळेना तेव्हा तुम्ही उभे राहिलात. हे मला ठाऊक होतं. 'भलं केलंत चाचा' असंही म्हणालो होतो. कागदावर मात्र लिहिलं होतं की लट्ठे पंचांच्या समक्ष जप्त केले. पंच क्रमांक एक, सुखदेव, कनिष्ठ लिपिक. खाली माझी सही, चांगली वळणदार.

मी त्या गावात आजवर पाय ठेवलेला नाही. ती सही मी तहसिलीसमोरच्या टपरीवर केली होती. जंगलखात्याचा नाकेदार आला, चहा मागवला, "बाबू, एक पंच कमी पडून राह्यला, मारा ना सही," म्हणाला. कोरा कागद. आमच्या तालुक्यात पंचाची सही मागणं म्हणजे पानाला चुना मागण्यासारखं. सगळे देतात, कोणी वाचत नाही, वाचायला लिहिलेलंच नसतं काही. सरकारी माणसाची सही असली की कागद पक्का होतो, म्हणून आम्हा बाबू लोकांना मागणी जास्त. दुसरी सही टपरीवाल्याची. अशा किती केल्या असतील देव जाणे. त्यातली ही एक, आणि तिच्यावर एका माणसाचे दोन महिने गेले होते, आणखी किती जायचे ते ठरायचं होतं.

"आता सांग," तुम्ही म्हणालात. "घंटेवाल्यानं काय कराव?"

मी उठून घरी गेलो.

पुढचे चार महिने तुम्ही माझं जगणं हराम केलंत, चाचा. खोटं नाही सांगत. एक शब्द टाकून बोलला नाहीत, उलट रोज चहा पाजलात, आणि शेवटचा फर्मा सुतळीत बांधून समोरच्या खुंटीला टांगून ठेवलात. मी आलो की नजर तिकडे जायची. लहान पोराला बोरकूट दाखवावं तसं. मी शंभर कारणं दिली. मी काही पहिला नाही. नोकरी गेली तर? आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला मीच. खोटी सही केली म्हणून उलट मलाच आत टाकलं तर पोरींना कोण बघणार? तुम्ही प्रत्येक कारण नीट ऐकायचे, मान हलवायचे. "बरोबर हाये. घंटेवाल्यालेबी पोरी हायेत ना दोन."

साक्षीचं समन्स आलं तसा नाकेदार घरी आला. खुर्ची ओढून बसला, पोरीच्या हातावर गोळ्या ठेवल्या. "बाबू, कायबी नाई, दोनच सवाल. सही तुमची, कागद तुमच्यासमोर झाला. हाव म्हना अन् निंगा." मग दाराशी जाऊन थांबला. "आता सही माह्यी नाई म्हनाल तं बाप्पा, तुमची तुमच्यापाशी." तो गेल्यावर बायकोने पोरीच्या हातातून गोळ्या काढून घेतल्या आणि चुलीत टाकल्या. बापाला विचारलं. त्याच्याकडून वाटलं होतं खडसावेल. "बोल असं मी म्हननार नाई, पोरा. नोको बोलू असंबी म्हननार नाई," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी त्याचा आवाज बसला. मला वाटलं होतं, कोणीतरी एक माणूस तरी मला सरळ सांगेल की गप्प राहा. कोणीच सांगेना. सगळ्यांनी मिळून मला एकट्याला मनोऱ्यावर चढवून ठेवलं होतं.

म्हणून रविवारी तुमच्याकडे आलो. म्हटलं, चाचा, फर्मा देऊ नका, नका देऊ. एवढंच सांगा, तो सांगतो का? घंटेवाला सांगतो की नाही?

तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. नजर वर केली नाहीत. "सांगते ना," म्हणालात. "भर चौकात सांगते. अन् त्या चौकीदाराले सोडते लोकं."

मला उलट चीड आली. बरं आहे म्हटलं त्याचं, कागदावरचा माणूस, त्याला कुठे कारणे दाखवा नोटीस येते! मग ते सगळं बोललो, जे बोलायला नको होतं. तुम्ही मंगरूचं नाव घेतलंत आणि मी चहा न पिता उठलो. ते आपलं शेवटचं.

गुरुवारी पिंजऱ्यात उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, मी शूर नाही. कागद दाखवला. सही तुमची? माझी. कागद तुमच्यासमोर झाला? समोरच्या बाकावर नाकेदार पायावर पाय टाकून बसला होता. मला त्या क्षणी ना चौथं शील आठवलं, ना बाप. डोळ्यांपुढे तो घंटेवाला होता, भर चौकात उभा, तुम्ही सांगितलेला. म्हटलं, एवढा दारुडा माणूस करू शकतो तर. आणि तोंडातून निघालं, "नाही साहेब. मी त्या गावाला कधी गेलो नाही. मी चहाच्या टपरीवर कोऱ्या कागदावर सही केली."

कोर्टात काही वीज पडली नाही. टंकलेखकाने यंत्रातला कागद नीट केला. सरकारी वकील कंटाळल्यासारखे उठले आणि म्हणाले, साक्षीदार फितूर झाला आहे. बघा चाचा, सरकारी कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि लगेच फितूर झालो! तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून हसला असता.

बाहेर मंगरू उकिडवा बसला होता. आत काय झालं ते त्याला धड कळलं नव्हतं, पुढची तारीख पडली एवढंच कळलं. त्याच्या हातात पळसाच्या पानांची पुडी होती. "चाचासाठी," म्हणाला. "चांगला डिंक हाये. पांढरा." त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते मला सांगावं लागलं. पिंजऱ्यात जे बोललो ते याच्यापेक्षा सोपं होतं. मंगरूने पुडीची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि काखेत धरली. मी बाजूला बसून होतो. रडलो, हो, रडलो. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल मलाच शिक्षा झाली.

शुक्रवारी सकाळी तुमच्या घरी आलो. चाची ओसरीवर होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "जवाब दिया क्या?" मी म्हटलं, दिलं. मग त्या आत गेल्या आणि सुतळीत बांधलेला फर्मा आणून माझ्या हातावर ठेवला. सोमवारी तुम्ही तो खुंटीवरून काढून घरी आणला होता म्हणे. सांगून ठेवलं होतं, सुखदेवने उत्तर दिलं की द्यायचा, त्याआधी कितीही रागावला तरी नाही. सोमवारी, चाचा. मी बाजाराच्या बाजूने गेलो त्या सोमवारी.

मी तुमच्या दुकानात जाऊन बसलो, तुमच्या पाटावर नाही, माझ्या जागी, आणि सुतळी सोडली.

तो सांगत नाही.

सोळा पानं मी दोनदा वाचली. घंटेवाला शेवटपर्यंत एक शब्द बोलत नाही. चौकीदार तुरुंगात खोकून खोकून मरतो, तेही दीड ओळीत उरकलंय. घंटेवाल्याच्या पोरींची लग्नं होतात, तो म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो, सणाला घंटा वाजवतो आणि सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणतं. त्याला झोप चांगली लागते, असंसुद्धा लिहिलंय. बस, संपलं पुस्तक. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर वाळलेल्या खळीचा अंगठा उमटलेला आहे, तुमचा, एकदा नाही, तीन-चारदा. म्हणजे तुम्ही ते पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं होतं.

चाचा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात! खोट्याला कच्ची शिलाई म्हणणारे तुम्ही, मरणाऱ्या बाईशीही खरंच बोलायला लावणारे तुम्ही. हे पान माझ्या हाती पडलं असतं तर मी गप्प बसलो असतो, हे तुम्ही ओळखून होतात. बघा, एवढ्या मोठ्या लेखकालाही असंच वाटतं, म्हणालो असतो. मला फक्त कोणाच्यातरी परवानगीची वाट होती आणि तुम्ही ती चार महिने सुतळीत बांधून माझ्या नाकासमोर टांगून ठेवली होती. मला राग आला. मला फसवून खरं बोलायला लावलंत, मग ते खरं माझं की तुमचं? पिंजऱ्यात मी उभा होतो की तुमचा तो बनावट घंटेवाला? याच्यावर आपल्याला महिनाभर भांडता आलं असतं. आणि तुम्ही काय केलंत, तर मंगळवारी निघून गेलात.

सिस्टरला सांगितलं तर त्या आधी हसल्या. "म्हणजे म्हातारा शेवटी माझ्या बाजूला आला," म्हणाल्या. "आणि मला सांगून नाही गेला." मग तोंड फिरवून पदराने डोळे पुसत राहिल्या. तुम्ही त्यांच्याशी कधी हार मानली नाहीत. निदान एकदा त्यांच्यासमोर कबूल करून जायचं होतं.

कालपर्यंत मी तुमच्यावर नुसता चिडलेला होतो. काल बाजार होता. कचेरीत कारणे दाखवा नोटीस हातात पडली, सही करून घेतली, या वेळी वाचून, आणि जेवणाच्या सुट्टीत दुकानात आलो. चाचींनी सांगितलंय, पुस्तक अर्धवट ठेवू नको, म्हणून घंटेवाल्याचे फर्मे शिवत होतो. तुमच्यासारखे टाके जमत नाहीत, दोनदा बोटात सुई गेली. तेवढ्यात मंगरू आला. उंबऱ्यापाशी बसला, पुडी सोडून डिंक तुमच्या पाटाजवळ ठेवला. कोणी घ्यायला नाही हे माहीत असून ठेवला. मग माझ्या हातातल्या पानांकडे पाहून म्हणाला, "हे कायचं बुक होय, बाबू?"

मी गोष्ट सांगितली. घंटा, आग, तीन हाका, चौकीदार. तो मान खाली घालून ऐकत होता. चौकीदार तुरुंगात गेला म्हटल्यावर त्याची बोटं पुडीच्या पानावर थांबली. पुढची तारीख पडली आहे, तो सुटणार की नाही ते मला माहीत नाही, त्यालाही नाही.

"मंग?" त्याने विचारलं. "थो घंटावाला बोलला का?"

शेवटचा फर्मा माझ्या मांडीवर होता, उघडा. मंगरूला वाचता येत नाही.

"बोलला," मी म्हटलं. "भर चौकात बोलला."

"अन् चौकीदार?"

मी सुईत दोरा ओवायला मान खाली घातली. "सुटला."

मंगरूने मोठा श्वास सोडला आणि बाजाराकडे गेला. मी माझं उत्तर दिलंय, चाचा. आता 'काऊन' विचारायला तेवढे तुम्ही पाहिजे होतात.